‘तांत्रिक कारणास्तव’ रद्द : विमानातली वायर आणि आपले तिकीट

2025 च्या डिसेंबरात हुबळीचे नाव देशभरच्या बातम्यांत झळकले ते एका रिसेप्शनमुळे. नवरा-नवरी दोघेही बेंगळुरूत नोकरीला, लग्न भुवनेश्वरला झालेले आणि रिसेप्शन हुबळीच्या गुजरात भवनात. विमान आधी लांबले, मग रद्द झाले. इकडे पाहुणे जमले होते, जेवणाची तयारी झाली होती. शेवटी मुलीचे आईवडील स्टेजवरच्या खुर्च्यांत बसले आणि नवदांपत्याने भुवनेश्वरहूनच, नटूनथटून, पडद्यावरून सगळ्यांना नमस्कार केला.

त्या आठवड्यात मंडळात दुसरा विषय नव्हता. आपल्यापैकी बहुतेकांचे कोणी ना कोणी पुण्या-मुंबईत नाहीतर बेंगळुरूत असते, त्यामुळे हसू येता येता पोटात गोळाही येत होता. चर्चेत एक वाक्य मात्र वारंवार कानावर आले : “या सुरक्षेच्या नियमांनी वैताग आणलाय. आधी म्हणे सॉफ्टवेअर, मग वैमानिकांची विश्रांती, उद्या म्हणतील वायरी तपासायच्यात.” बोलणारे काका गदग रोडवरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. म्हणून तर आम्हाला ते वाक्य जास्तच खटकले. वायरी खरोखरच तपासाव्या लागतात. ती तपासणी सक्तीची का झाली आणि तिचा आपल्या तिकिटाशी काय संबंध, हे एकदा नीट मांडावे असे वाटले.

आधी त्या आठवड्यातला घोळ सोडवू. दोन वेगळ्या गोष्टी एकापाठोपाठ घडल्या आणि लोकांच्या डोक्यात त्या एकच झाल्या.

पहिली गोष्ट 28 नोव्हेंबरची. त्याच्या महिनाभर आधी, 30 ऑक्टोबरला, मेक्सिकोतील कानकुनहून अमेरिकेतील न्यूआर्कला निघालेल्या जेटब्लू कंपनीच्या ए320 विमानाचे नाक हवेत अचानक खाली गेले आणि काही प्रवासी जखमी झाले. तीव्र सौर प्रारणामुळे विमानाच्या नियंत्रण-संगणकातली माहिती बिघडू शकते, असा निष्कर्ष एअरबसने काढला. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने, म्हणजे ‘इयासा’ने, तातडीचा आदेश काढला. जगभरातली सुमारे 6,000 विमाने त्यात आली, भारतातली 338. इंडिगो आणि एअर इंडिया दोघांचीही. बहुतेक विमानांत फक्त सॉफ्टवेअर बदलायचे होते, दोन-तीन तासांचे काम. दोन-तीन दिवसांत ते जवळपास उरकलेसुद्धा. काही विमाने उशिरा सुटली, पण देश ठप्प झाला नाही.

दुसरी गोष्ट त्यानंतरच्या आठवड्यातली. वैमानिकांना आठवड्याला 36 ऐवजी 48 तास सलग विश्रांती आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा, हे नियम डीजीसीएने 2024 च्या जानेवारीतच जाहीर केले होते. दुसरा टप्पा 1 नोव्हेंबर 2025 ला लागू झाला. इंडिगोची तयारी अपुरी पडली आणि 5 डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली. मग डीजीसीएलाच इंडिगोसाठी काही नियम 10 फेब्रुवारीपर्यंत सैल करावे लागले.

म्हणजे रातोरात आलेला आदेश दोन-तीन दिवसांत पार पडला आणि जवळजवळ दोन वर्षे आधी माहीत असलेल्या नियमाने रिसेप्शन बुडवले. नियमाला शिव्या घालण्याआधी हा फरक ध्यानात घ्यायला हवा.

आता वायर. ए320 सारख्या विमानात वैमानिकाच्या हातातली दांडी पंखांवरच्या झडपांना दोरखंडाने जोडलेली नसते. त्याने दांडी हलवली की विजेचा संकेत वायरमधून संगणकाकडे जातो आणि तिथून पुढे. यालाच ‘फ्लाय-बाय-वायर’ म्हणतात. आपल्याकडे हुबळीला नेहमी दिसणारे एटीआर, ज्याला आपण पंख्याचे विमान म्हणतो, त्यात हे काम अजून केबल आणि रॉडनीच होते. पण इंधनाचे पंप, बर्फ न साचू देणारी यंत्रणा, दिवे, रेडिओ, इशारे देणारी उपकरणे हे सगळे तिथेही विजेवरच. मोठ्या विमानात ही वायर किती असते? बोइंग 747-400 मध्ये सुमारे 274 किलोमीटर. एअरबस ए380 मध्ये सुमारे 530 किलोमीटर. म्हणजे हुबळीहून बेंगळुरूला जाऊन थोडे परत येण्याइतकी. ती सगळी जुड्या बांधून, भिंतीच्या आत, जमिनीखाली, छतावर, चाकांच्या कप्प्यात, टाकीच्या शेजारून नेलेली असते.

जुन्या धारवाडातल्या घरांत लाकडी पट्टीवरून गेलेली वायरिंग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचे समजावून सांगायला नको. वायर अशी एकाएकी खराब होत नाही. तिचे आवरण वर्षानुवर्षे कडक होते, तडकते, आणि पावसाळ्यात एखाद्या रात्री स्विचबोर्डातून चरचर ऐकू येते. विमानात तर ती रोज हादरे खाते, तासाभरात चाळीस अंशांतून शून्याखाली जाते आणि परत येते. वायरीची जुडी एखाद्या धातूच्या कडेला घासत राहते. दुरुस्तीच्या वेळी भोक पाडताना उडालेला धातूचा कीस जुडीत अडकतो आणि हळूहळू करवतीसारखा काम करतो. पँट्रीतली सांडलेली कॉफी आणि शौचालयातली गळती खाली झिरपत वायरीपर्यंत पोचते. एकेकाळी ‘कॅप्टॉन’ नावाचे पातळ, हलके आवरण फार वापरात होते. त्याला चीर पडून ठिणगी उडाली की आवरणाचाच कोळसा होतो, कोळशातून वीज वाहते आणि ठिणगी जुडीभर पसरत जाते.

शिवाय उंदीर. हसू नका. 2015 च्या डिसेंबरात मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान अर्ध्या वाटेवरून परत आले, कारण आत उंदीर दिसला होता. 2017 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे विमान त्याच कारणाने सुमारे नऊ तास अडकले. 2025 च्या सप्टेंबरात कानपूरहून दिल्लीला निघालेले इंडिगोचे विमान सुटायच्या आधी आत उंदीर दिसला आणि प्रवाशांना खाली उतरवावे लागले. उंदीर चावतो ही भीती नसते, तो वायर कुरतडतो ही असते. एकदा दिसला की धुरी देऊन, तो सापडून, वायरी पाहिल्याशिवाय विमान सोडता येत नाही. गणपतीच्या वाहनाचा आपण एरवी कितीही मान ठेवत असलो, तरी त्याला विमानात जागा देता येत नाही.

वायर इतकी महत्त्वाची, तर तिच्या तपासणीचे नियम पहिल्यापासून कडक असतील असे कोणालाही वाटेल. तसे नव्हते. वायर बसवायची आणि विसरायची, ती विमानाइतकीच टिकणार, असा बराच काळ समज होता. तो दोन अपघातांनी मोडला.

17 जुलै 1996 ला न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेले टीडब्ल्यूएचे 747 विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच हवेत फुटले. 230 माणसे गेली. बॉम्ब, क्षेपणास्त्र, काय काय बोलले गेले. चार वर्षांच्या तपासानंतर अमेरिकेच्या तपास संस्थेने सांगितले की मधल्या टाकीतल्या इंधनाच्या वाफेचा स्फोट झाला. ठिणगी नेमकी कुठून आली हे खात्रीने ठरले नाही, पण टाकीबाहेरच्या वायरिंगमधले शॉर्ट सर्किट हे सर्वांत संभवनीय कारण मानले गेले.

दुसरा अपघात 2 सप्टेंबर 1998 चा. स्विसएअरचे 111 क्रमांकाचे विमान न्यूयॉर्कहून जिनिव्हाला चालले होते. वैमानिकांना कॉकपिटमध्ये विचित्र वास आला. तिथून अवघ्या एकवीस मिनिटांत विमान कॅनडाच्या हॅलिफॅक्सजवळ समुद्रात कोसळले, 229 जण ठार झाले. कॅनडाच्या तपास मंडळाने समुद्रतळातून लाखो तुकडे वर काढले, विमानाचा पुढचा भाग सांगाड्यावर पुन्हा जुळवला, जळक्या वायरींवरचे वितळलेल्या तांब्याचे मणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. चार वर्षांहून अधिक काळ हे चालले. आग कॉकपिटच्या छतावर, वायरीत ठिणगी पडून लागली असावी, असा निष्कर्ष निघाला. ज्या भागात ती लागली तिथे प्रवाशांच्या करमणुकीसाठी नंतर बसवलेल्या पडद्यांच्या यंत्रणेची वायर होती, आणि शेजारचे उष्णतारोधक आच्छादन पेट घेणारे होते. नियमांच्या कसोटीत मात्र ते आच्छादन पास झालेले होते.

आम्हाला यात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते. मूळ विमानात दोष नसेलही. नंतर कोणी काय जोडले, कसे जोडले आणि ते कोणी पाहिले, यावर सगळे ठरले. घरात एसी नवा, पण वायर आणि फ्यूज तेच जुने, हा प्रकार आपल्यालाही अपरिचित नाही.

त्यानंतर नियम बदलले. पेट घेणारी आच्छादने काढण्याचे आदेश निघाले, इंधनटाकीजवळच्या वायरिंगचा नव्याने विचार सुरू झाला आणि 2007 मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने, एफएएने, विमानातल्या सगळ्या वायरिंगला एक स्वतंत्र यंत्रणा मानणारे नियम केले. इंजिन किंवा चाके यांच्यासारखेच तिचे आरेखन, तिची देखभाल, तिची नोंद. विमान उडायला लागून शंभर वर्षे होऊन गेली तेव्हा हे घडले.

एखाद्या प्रकारच्या विमानात धोका दिसला की ज्या देशाने त्याच्या आराखड्याला मान्यता दिली त्या देशाची संस्था ‘एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह’ काढते. मराठीत त्याला उड्डाणयोग्यता आदेश म्हणू. बोइंगसाठी तो अमेरिकेतून येतो, एअरबस आणि एटीआरसाठी युरोपातून, स्टार एअर वापरते त्या एम्ब्रेअर विमानांसाठी ब्राझीलमधून. भारतात डीजीसीए तो पाळायला लावते. त्यात मुदत असते : कधी ‘पुढच्या उड्डाणाआधी’, कधी इतक्या तासांत, कधी इतक्या महिन्यांत. मुदतीत काम झाले नाही तर ते विमान उडू शकत नाही. 2013 च्या जानेवारीत बोइंग 787 च्या बॅटऱ्या पेटल्यावर असाच आदेश निघाला आणि एअर इंडियाची सहा नवीकोरी ड्रीमलायनर मेपर्यंत जमिनीवर राहिली.

याच्या एक पायरी खाली ‘सूचना’ असते. ती पाळली तर उत्तम, नाही पाळली तर बेकायदेशीर नाही. हा फरक कागदी वाटतो, पण अहमदाबादने तो ठसठशीत केला. 12 जून 2025 च्या अपघातात विमानातले 241 आणि जमिनीवरचे 19, असे 260 जीव गेले. प्राथमिक अहवालात असे नमूद आहे की इंधनाच्या स्विचच्या लॉकबद्दल एफएएने डिसेंबर 2018 मध्ये एक पत्रक काढले होते. ते सल्ल्याच्या स्वरूपाचे होते, बंधनकारक नव्हते, म्हणून एअर इंडियाने ती तपासणी केली नव्हती. अपघाताचे कारण तेच, असे अहवाल म्हणत नाही आणि आम्हीही म्हणत नाही. त्या विमानात ते स्विच ज्या भागात बसतात तो अख्खा भाग 2019 आणि 2023 मध्ये बदलला होता, हेही त्याच अहवालात आहे. अहवाल आल्यावर 14 जुलैला डीजीसीएने ही तपासणी 21 जुलैपर्यंत करण्याची सक्ती केली. एअर इंडियाने ती पुरी केली आणि दोष आढळला नाही असे सांगितले. जे काम एका आठवड्यात उरकता आले, ते साडेसहा वर्षे केवळ ‘ऐच्छिक’ होते म्हणून राहून गेले होते. कारण काहीही ठरो, एवढे तरी मनात राहतेच.

सक्ती असली तरी पळवाटा निघतात. 2006 मध्ये एफएएने एमडी-80 विमानांच्या चाकांच्या कप्प्यातल्या एका वायरजुडीबद्दल आदेश काढला. तिथल्या हायड्रॉलिक पंपाची वायर घासून ठिणगी पडण्याचा आणि आग लागण्याचा धोका होता. जुडी कशी गुंडाळायची, दोऱ्याने किती अंतरावर बांधायची, हे ठरवून दिले. दोन बंधांमध्ये एक इंचाहून जास्त अंतर नको. मुदत अठरा महिने. 2008 च्या एप्रिलमध्ये निरीक्षकांनी अमेरिकन एअरलाइन्सची विमाने पाहिली तर काम आदेशाप्रमाणे झालेले नव्हते. कंपनीला आपली जवळपास 300 विमाने थांबवावी लागली. काही दिवसांत 3,000 हून अधिक उड्डाणे रद्द, अडीच लाखांच्या आसपास प्रवासी अडकले. पुढे 2010 मध्ये 2 कोटी 42 लाख डॉलरचा दंड प्रस्तावित झाला. त्यावेळी तिथेही पुष्कळ लोक म्हणाले, इंच दोन इंचांसाठी एवढा तमाशा कशाला? विमान काही पडत नव्हते. तेही खरेच. पण अठरा महिने हातात असताना ते बंध कोणी मोजले नव्हते, हेही खरे.

आता त्या काकांकडे परत येतो. आम्ही त्यांना विचारले, वर्कशॉपात डबा पीओएचला यायचा तेव्हा तो बिघडलेला असायचा का? ते म्हणाले, “छे, तारीख आली की यायचा.” सदर्न मराठा रेल्वेच्या दिवसांपासून हुबळीने हेच काम केले आहे, आपल्यातल्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटली आहे. डबा चांगला चालत असतानाच उघडायचा, चाकांपासून वायरिंगपर्यंत पाहायचे, आणि पुढची तारीख डब्याच्या टोकाला रंगवून बाहेर पाठवायचे. एवढे डबे वर्कशॉपात गेले म्हणून गाड्या रद्द होत नाहीत, कारण त्यांच्या जागी लावायला राखीव डबे ठेवलेले असतात.

विमान कंपन्यांचे दुखणे इथेच आहे. विमान महाग, म्हणून ते जास्तीत जास्त तास हवेत ठेवायचे आणि राखीव कमीत कमी. एक विमान तपासणीला थांबले की कोणते तरी उड्डाण कापावे लागते. मुंबई-दिल्लीचे सहसा कापले जात नाही, तिथे दिवसभरात दुसरी कितीतरी असतात. दिवसात एक-दोनच फेऱ्या असलेल्या आपल्यासारख्या गावाची फेरी कापणे सोपे जाते. हिशेबाने ते बरोबरही असेल. पण गोकुळ रोडच्या विमानतळावर पाचव्या तासाला बसलेल्या आजोबांना तो हिशेब कोणी सांगत नाही. त्यांना फक्त ‘तांत्रिक कारणास्तव’ किंवा ‘परिचालन कारणास्तव’ एवढाच मेसेज येतो.

या शब्दांमागे पैशाचीही गोष्ट आहे. डीजीसीएच्या नियमानुसार विमान रद्द झाले तर पूर्ण परतावा किंवा दुसरे विमान, यांपैकी निवड प्रवाशाची. वेळेत कळवले नसेल तर त्यावर भरपाई : उड्डाण किती वेळाचे आहे त्यावरून 5,000, 7,500 किंवा 10,000 रुपये, अथवा मूळ भाडे आणि इंधन आकार, यांतले जे कमी असेल ते. मात्र ‘असाधारण परिस्थिती’ असेल तर भरपाई नाही. आणि त्या परिस्थितीच्या यादीत पूर, संप, दंगल यांच्याबरोबर ‘विमानावर परिणाम करणारा सरकारी नियम किंवा आदेश’ हेही आहे.

आमचा आक्षेप या ओळीला आहे. आदल्या रात्री निघालेला तातडीचा आदेश असाधारण आहे, मान्य. 28 नोव्हेंबरच्या आदेशाबद्दल कोणी भरपाई मागू नये, उलट विमान थांबवले म्हणून आभार मानावेत. पण अठरा महिन्यांची मुदत असलेला वायर-तपासणीचा आदेश शेवटच्या आठवड्यात आठवला, तर ते असाधारण नव्हे, तो आळस झाला. दोन्ही गोष्टी एकाच ओळीत बसत असतील, तर कंपनीने वेळेत काम करण्याचे कारणच काय उरले? मुदत असलेल्या आदेशामुळे रद्द झालेल्या उड्डाणाला ही सवलत मिळू नये, आणि रद्दच्या मेसेजमध्ये आदेश तातडीचा होता की मुदतीचा हे स्पष्ट लिहावे, असे डीजीसीएला मंडळातर्फे लिहून कळवावे असा आमचा प्रस्ताव आहे. पुढच्या मासिक बैठकीत तो मांडू. सभासदांनी आपले अनुभव तारखेसह लिहून आणावेत.

तोवर दोन गोष्टी सांगून ठेवतो. एजंटकडून तिकीट काढलेत तर बुकिंगमध्ये मोबाइल नंबर आपला घातला आहे का ते पाहा. पुष्कळदा एजंटचाच असतो, आणि संपर्काची योग्य माहिती दिली नव्हती म्हणून भरपाई नाकारता येते. दुसरे, लग्नकार्य किंवा ऑपरेशन असेल तर एक दिवस आधीचे विमान घ्या. ते जमत नसेल तर पुणे-हुबळी वंदे भारत आठवड्यातून तीन दिवस आहे, सातारा, सांगली, मिरज, बेळगाव करत येते. काका गेल्या महिन्यात तिनेच पुण्याला नातवाच्या मुंजीला गेले. गाडीत चढण्याआधी डब्याच्या टोकाशी जाऊन तारीख वाचून आले, आणि मगच सामान वर ठेवले.